आखाजीला आलेली लेक आणि सातबारा

लग्नात खर्च केला म्हणजे वडिलोपार्जित जमिनीतला लेकीचा हिस्सा मिटला, असं काहीजण म्हणतात. तसं नाही. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनं मुलगी जन्मानेच सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकीच हक्कदार, ठरली. 9 सप्टेंबर 2005 ला वडील हयात नसले तरी हा हक्क राहतो, हे सर्वोच्च न्यायालयानं 11 ऑगस्ट 2020 ला स्पष्ट केलं. 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर झालेलं वाटप मात्र उकरता येत नाही.

खान्देशात घोळ होतो तो वारस नोंदीत, म्हणजे वडिलांनंतर सातबाऱ्यावर वारसांची नावं लावताना. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके, गौराई, सांजोऱ्या, आणि नेमका तेव्हाच सहीचा कागद पुढे येतो. बायांनो, आधी कागद वाचा! वारसाचा अर्ज असेल तर त्यात सगळ्या बहिणींची नावं हवीत. हक्कसोड पत्र, म्हणजे आपला हिस्सा सोडून देण्याचा कागद, असेल तर एकदा नोंदणी झाल्यावर ते एकतर्फी मागे घेता येत नाही. तलाठ्यानं फेरफार (सातबाऱ्यावरच्या बदलाची नोंद) धरला की नोटीस निघते, हरकतीला 15 दिवस मिळतात. नोटीस माहेरच्या पत्त्यावर गेली तर कळतच नाही, म्हणून अर्जात सासरचा पत्ता लिहायला लावा. नाव लागलं म्हणून लगेच वाटणी होत नाही. जमीन भाऊच कसत राहू शकतो, हे त्यालाही शांतपणे सांगा.