'सांता लुचिया' गाण्यात नेमकं काय सांगितलंय?

सूरवेडी: मी गाणं शिकते आहे. बाईंनी 'सांता लुचिया' दिलंय. चाल गळ्यात बसली, पण अर्थ कळल्याशिवाय मला गाताच येत नाही. ही संतिणीची प्रार्थना आहे का?

खलाशी_७: प्रार्थना नाही. सांता लुचिया हा इटलीतल्या नेपल्स शहराचा किनाऱ्यावरचा भाग, कास्तेल देल्लोवो किल्ल्याजवळचा. गाणारा आहे नावाडी. समुद्रावर चांदणं चमकतंय, लाटा शांत आहेत, वारा अनुकूल आहे, माझ्या चपळ होडीत या, असं तो बोलावतो. पुढे नेपल्सचं कौतुक. मूळ गाणं नेपल्सच्या बोलीतलं. संगीतकार तेओदोरो कोत्राऊ यांनी ते इटालियनमध्ये आणून १८४९ मध्ये प्रसिद्ध केलं. तिनाचा ठेका वल्ह्याच्या हेलकाव्यासारखा आहे, म्हणून घाई अजिबात करू नका. बहुतेक जण शेवटची ओळ ताणून गातात. मला ते खटकतं. नावाडी गिऱ्हाईक बोलावतोय, आर्जवाने गा.

सूरवेडी: मग स्वीडनमध्ये मुली मेणबत्त्या घेऊन हेच गातात ते?

खलाशी_७: चाल हीच, शब्द वेगळे. तिथे १३ डिसेंबरला संत लुचियाचा दिवस असतो, म्हणून ते शब्द तिच्याबद्दल आणि प्रकाशाबद्दल आहेत.

मध्यसप्तक: यासोबत १९१९ चं 'सांता लुचिया लुंताना' जरूर ऐका. त्यात नेपल्स सोडून दूरदेशी निघालेल्या जहाजांवरच्या लोकांची व्यथा आहे. किनारा तोच, पण आता तो मागे पडतोय. मला तर हेच जास्त भिडतं.

सूरवेडी: आजच ऐकते. आणि शेवटची ओळ न ताणता गाऊन बघते.