दुसरा सबवूफर घ्यावा का? हॉल १६ बाय ११

घुमारा:
मंडळी, पाच वर्षं झाली, हॉलमध्ये ५.१ (पाच स्पीकर आणि बेससाठी एक सबवूफर) आहे. १० इंची सब टीव्हीच्या उजव्या कोपऱ्यात, सोफा बरोब्बर मधोमध, टीव्हीच्या भिंतीपासून ८ फुटांवर. मागच्या भिंतीला लागून दिवाण आहे, तिथे बसलेली आई म्हणते, "बंद कर रे, पोटात ढवळतंय." आणि मी सोफ्यावर बसून बेस शोधत आवाज वाढवतोय! शोकेसमधले स्टीलचे पेले वाजतात ते वेगळंच. दुकानदार म्हणतो, जुना द्या, १२ इंची न्या. मला वाटतं जुना ठेवून त्याच मॉडेलचा दुसरा घ्यावा. एव्हीआरला (सगळे स्पीकर चालवणाऱ्या अॅम्प्लिफायरला) सबचं आउटपुट एकच आहे. जमेल का? बायकोला कसं पटवायचं ते माझं मी बघतो.

तळघर:
सब लहान नाहीये, तुम्ही बेसच्या खड्ड्यात बसलाय. १६ फूट म्हणजे ४.८८ मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, त्याला लांबीच्या दुपटीने भागा: ३५ हर्ट्झ, हा तुमच्या हॉलच्या लांबीत घुमणारा सूर. या सुराचा दाब समोरच्या आणि मागच्या भिंतीशी सगळ्यात जास्त, मधोमध जवळजवळ शून्य. १२ इंची आणलात तर आईचं ढवळणं तेवढं वाढेल.

आधी फुकटातला उपाय करा, सोफा दीड-दोन फूट मागे घ्या. नाहीच जमलं तर पहिला सब कोपऱ्यातून काढून टीव्हीच्या भिंतीच्या मध्यावर, दुसरा मागच्या भिंतीच्या मध्यावर. दोघे समोरासमोरून एकदमच ढकलतात, त्यामुळे ३५ची लाट उभीच राहत नाही. रुंदीची ५१ हर्ट्झची लाटही मध्यावरून फारशी उठत नाही. दोन्ही सब तुमच्यापासून ८-८ फुटांवर, म्हणून एका आउटपुटचे दोन फाटे करणारी साधी वाय-केबल चालून जाईल. अंतरं वेगळी असती तर वेगळं सांगितलं असतं.

चिमटा:
खाली कोण राहतं ते आधी सांगा. बाकीचं नंतर बोलू.

गुरगुर:
दोन्ही सब आणि एव्हीआर एकाच बोर्डावरून घ्या. माझ्याकडे दुसरा सब लावल्यावर सतत गुरगुर यायची. तीन दिवस त्याला शिव्या घातल्या, शेवटी सेट-टॉप बॉक्सची छतावरून आलेली वायर उपसली तेव्हा थांबली. आणि हो, अर्थिंगची पिन काढून टाका असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

घुमारा:
सोफा मागे घेतला की बेडरूमचं दार अडतं, त्यामुळे तो उपाय बाद. शनिवारी मित्राकडून याच मॉडेलचा सब उचलून आणला, दिवाण फूटभर सरकवून मागे मध्यावर ठेवला. ४० हर्ट्झचा सूर लावून मागच्या सबचं फेजचं बटण (लाट सरळ की उलटी ते ठरवणारं) फिरवून पाहिलं. १८० वर सोफ्यावरचा बेस गुल, ० वर परत हजर. दोन्ही सबचा क्रॉसओव्हर (कुठल्या सुरापर्यंत सबने वाजवायचं ती मर्यादा) पूर्ण उघडा ठेवला, एव्हीआरवर ८० हर्ट्झ, मग एव्हीआरचा माइक लावून सेटिंग नव्याने केलं. आता आवाज पूर्वीपेक्षा कमी ठेवूनही पुरतो, आणि रात्री पिक्चर चालू असताना आई दिवाणावर चक्क घोरत होती. पेले अजून वाजतात, बायकोने त्यांच्याखाली फडकं घातलंय.

@चिमटा, खाली पार्किंग आहे.

मित्राला सब रविवारी परत द्यायचाय. नाशिकमध्ये वापरलेला १० इंची कुणी काढतंय का?