मास्क लावून पहिलीच्या मुलांची तोंडी भाषा कशी तपासायची?

पाटीपेन्सिल
आमच्या पहिलीच्या वर्गात एका मुलाची केमोथेरपी चालू आहे. त्याच्यासाठी वर्गात सगळेच मास्क लावतात, मीसुद्धा. आता तोंडी भाषेची तपासणी आहे: चित्र पाहून बोलणे, ऐकलेलं वाक्य परत म्हणणे, दोन शब्द सारखे की वेगळे ते ओळखणे. मूल 'शाल'ला खरंच 'साल' म्हणतंय की मला तसं ऐकू येतंय, हेच ठरत नाही. पारदर्शक खिडकीचे मास्क मागवावेत का? आणि गुण कसे द्यायचे?

श्रवणवाणी
ताई, कुणाचा मास्क कुठे आड येतो ते आधी वेगळं करा. 'सारखे की वेगळे'मध्ये तुमचा मास्क आड येतो, कारण मुलाने तुमचं ऐकायचं असतं. चित्रवर्णनात मुलाचा मास्क आड येतो, कारण लिहून तुम्ही घेणार. वाक्य परत म्हणण्यात दोन्ही मास्क मध्ये येतात. म्हणून तिथल्या चुकीवर सर्वांत कमी विश्वास ठेवा.

मास्क सगळे आवाज सारखे दाबत नाही. स-श यांची ओळख उंच पट्टीच्या घर्षणातून पटते आणि नेमकं तेच कापड खातं. 'पाट-पाठ'मधला हवेचा झोतही बोथट होतो. 'मामा-नाना'ची अडचण वेगळी आहे: म आणि न कानाला जवळचे लागतात, पण म म्हणताना ओठ मिटतात हे मूल बघत असतं. मास्कमुळे तो आधारच जातो. याउलट 'ताक-टाक'मध्ये ओठांवर फारसं काही दिसत नाही, त्यामुळे तिथे बघण्याचं नुकसान कमी.

जीभ दातांत घालून 'स' म्हणणारं मूल मास्कमधून ओळखू येणार नाही. सतत तोंड उघडं ठेवून श्वास घेणारं मूलही दिसणार नाही. उच्चारांचे शेरे मास्कमध्ये देऊच नका. शब्दसंपत्ती, वाक्यांची लांबी, गोष्टीचा क्रम हे मात्र मास्कमध्येही नीट तपासता येतं.

ध्वनिमापन
साध्या सर्जिकल मास्कने २००० ते ७००० हर्ट्झच्या, म्हणजे उंच आवाजांच्या पट्ट्यात साधारण ३-४ डेसिबल जातात, एन-९५ने १२पर्यंत. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की ६ डेसिबल मिळतात. म्हणजे २ मीटरवरून १ मीटरवर आलात की सर्जिकल मास्कची तूट जवळपास भरून निघते. वर्गात भिंतींवरून आवाज घुमतो, तिथे फायदा थोडा कमी. पंखा बंद, दार लोटलेलं आणि उजेड तुमच्या चेहऱ्यावर, मुलाच्या डोळ्यांवर नको.

पारदर्शक मास्कने ओठ दिसतात, पण प्लॅस्टिक उंच पट्टीचा आवाज कापडापेक्षाही जास्त अडवतं आणि खिडकीवर वाफ धरते. तुमचा आवाज छातीवरच्या कॉलर माइकमधून छोट्या स्पीकरवर देणार असाल तरच असा मास्क घ्या. छातीवरच्या माइकला मास्कचा फारसा अडथळा होत नाही. मुलाचं बोलणं रेकॉर्ड करायलाही हाच माइक वापरा. फोनमधली आवाज गाळण्याची सोय बंद ठेवा, ती 'स'ला गोंगाट समजून कापते.

अंगणवाडी_ते_चौथी
बाकीच्या मुलांची उच्चारतपासणी मास्क काढून करता येईल. त्या मुलाला दुसरीकडे बसवून एकेकाला व्हरांड्यात घ्या आणि वर्गात परतताना मास्क पुन्हा लावायला सांगा. त्याचं स्वतःचं मात्र आईवडील आणि त्याचे डॉक्टर ठरवतील तसंच. परवानगी मिळाली तर उघड्यावर, तुम्ही मास्कमध्ये आणि तो मास्कशिवाय. नाही मिळाली तर घरून व्हिडिओ कॉलवर चित्रगोष्ट घ्या. साधा फोन कॉल नको: जुन्या फोनवाहिनीतून ३४०० हर्ट्झच्या वरचं काही येत नाही, 'स' तिथेच संपतो.

गुणांच्या रकान्यात चूक आणि 'मास्कमुळे ठरवता आलं नाही' या दोन वेगळ्या खुणा ठेवा. दुसऱ्या खुणेला शून्य देऊ नका, तो प्रश्न एकूण गुणांतूनच वगळा. प्रमाणित चाचणी असेल तर शेऱ्यात मास्क कुणी लावला, कुठला आणि अंतर किती ते लिहा. ती चाचणी मास्कशिवाय बेतलेली असेल तर तिच्या तक्त्यातले वयानुरूप गुण इथे तसेच लावता येत नाहीत.

आणि घरची बोली विचारा. वऱ्हाडी किंवा अहिराणी घरातलं मूल ळ-च्या जागी य म्हणालं, तर त्यात मास्कचाही दोष नाही आणि मुलाचाही नाही.

पाटीपेन्सिल
खूप उपयोग झाला. एक राहिलं: दोघंतिघं 'डब्यात'ऐवजी 'डब्या' म्हणतात असं वाटतं. विभक्ती गळतेय असं धरू का?

श्रवणवाणी
इतक्यात नको. शब्दाच्या शेवटचा त मुळातच हलका पडतो, त्यात मास्क. त्याच मुलाची 'डब्याला', 'ताईने' ही रूपं ऐका. स्वराने संपणारे प्रत्यय मास्कमधूनही पोचतात. ती नीट येत असतील तर तुमच्या कानापर्यंत त पोचत नाहीये, एवढंच. 'डब्यातली' म्हणायला लावा, म्हणजे त मधे येतो आणि ऐकू येतो. 'ला' आणि 'ने'ही गळत असतील तर मास्कशिवाय किमान ५० वाक्यांचं बोलणं रेकॉर्ड करा.

त्याआधी कान तपासून घ्या. सर्दीनंतर मधल्या कानात पाणी साचलेलं मूल मास्कशिवाय कसंबसं निभावतं, मास्क आला की मागे पडतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं त्यांना नावं द्या, ते पुढे डीईआयसीला, म्हणजे मुलांच्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणाऱ्या जिल्हा केंद्राला पाठवतात. पथक यायला वेळ असेल तर पालकांना कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जायला सांगा, सहामाही संपायची वाट बघू नका.