अहिराणी गाण्यांची रेकॉर्डिंगं टॉरेंटवर ठेवावीत का?

गिरणाकाठ
आखाजीची गाणी, कानबाईची गाणी, हळदीची गाणी, जात्यावरच्या ओव्या. चाळीसगाव, पाचोरा, अमळनेर, शिरपूर भागातल्या आम्हा काही जणांकडे यांची बरीच रेकॉर्डिंगं जमली आहेत. काही जुन्या कॅसेटवरून उतरवलेली, काही मोबाइलवर केलेली. प्रश्न आहे तो ती ठेवायची कुठे हा. एकाच्या ड्राइव्हवर ठेवली तर त्याचं खातं गेलं की सगळंच गेलं. याहू ग्रुप्सचं उदाहरण आहेच: आधी जुना मजकूर काढून टाकला आणि डिसेंबर २०२० मध्ये सगळंच कायमचं बंद.

माझं मत: टॉरेंट करावं, म्हणजे फाइली एका जागी न ठेवता एकमेकांच्या संगणकांवरून थेट घ्यायच्या-द्यायच्या. प्रत्येकाच्या संगणकावर पूर्ण संच राहील, कोणी एक मालक नसेल. धुळ्यातला संगणक बंद असला तरी भुसावळचा चालू असेल. आणि अनोळखी माणसाकडून फाइल आली तरी भीती नाही. फाइलचे तुकडे असतात, प्रत्येक तुकड्याचा हॅश, म्हणजे त्यातल्या माहितीवरून काढलेला ओळखीचा आकडा, आधीच ठरलेला असतो. आलेला तुकडा जुळला नाही तर प्रोग्राम तो फेकतो आणि दुसरीकडून मागवतो. ब्रॅम कोहेनने २००१ मध्ये हे काढलं, तेव्हापासून मूळ कल्पना तीच आहे.

बोरीतीर
भो, आमच्या गावात लोकांना व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका म्हणून एपीके, म्हणजे फोनवर अ‍ॅप टाकणारी फाइल, येतेय. दाबली की एसएमएस वाचले जातात, ओटीपी जातो, खातं साफ. दोघांचे पैसे गेले, त्यातला एक तर कापूस विकून आलेला पैसा होता. आता कुठे लोक "अनोळखी फाइल उघडायची नाही" एवढं शिकलेत. त्यांनाच आपण सांगायचं की हे अ‍ॅप टाका आणि अनोळखी लोकांकडून फाइल घ्या? माझा ठाम विरोध. तुमचा हॅश बरोबर असेल, पण गावातल्या माणसाला तो दिसतच नाही. त्याला दिसतं ते फाइलचं नाव, आणि नाव कोणीही काहीही ठेवू शकतं.

पांझरा
बोरीतीर यांचा शेवटचा मुद्दा खरा आहे आणि जुनाही. नॅपस्टर हे गाणी वाटायचं जाळं १९९९ मध्ये आलं तेव्हा फाइली लोकांच्याच संगणकावर होत्या, पण यादी कंपनीकडे होती. म्हणून २००१ मध्ये न्यायालयाच्या आदेशापुढे ते थांबलं. पुढे कझासारख्या जाळ्यांत गाण्याच्या नावाखाली भलतंच निघायला लागलं. कझा पूर्ण फाइलचा हॅश काढतच नव्हतं, वेग वाढवायला फक्त काही भागांचा काढायचं. मधले भाग बिघडवले तरी हॅश तोच! टॉरेंटमध्ये ही पळवाट नाही, हे गिरणाकाठ यांचं बरोबर.

पण हॅश काय सांगतो ते नीट बघा. बियाण्याच्या पिशवीचं सील शाबूत असेल तर मधे कोणी पिशवी उघडली नाही एवढंच कळतं. आत बोगस बियाणं भरूनच सील मारलं असेल तर? आपल्याकडे कापसाच्या बियाण्यात हे किती जणांनी भोगलंय. हॅशचं तेच. फाइल बदलली नाही हे तो सांगतो. ती टाकली कोणी, हे सांगत नाही.

दोन्ही बाजू एकाच घटनेत दिसतात. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंट या संगणक प्रणालीची वेबसाइट फोडली गेली आणि डाउनलोडची लिंक चोरदरवाजा असलेल्या फाइलकडे वळवली गेली. ज्यांनी टॉरेंटने घेतलं ते वाचले. पण घुसणाऱ्यांनी टॉरेंटची लिंकही बदलली असती, तर टॉरेंटने तीच विषारी फाइल एकही बाइट न चुकता सगळ्यांना पोचवली असती.

म्हणून माझी अट एकच: सगळ्या फाइलींच्या हॅशची यादी करा आणि तिच्यावर डिजिटल सही करा. फिल झिमरमनने १९९१ मध्ये पीजीपी हा कूटलेखनाचा प्रोग्राम काढला तेव्हापासून ही सोय आहे. सहीच्या किल्लीचा ठसा, म्हणजे किल्ली ओळखायचा छोटा आकडा, छापून समोरासमोर हातात द्या, लिंकसोबत पाठवू नका. आणि टॉरेंट दुसऱ्या आवृत्तीचा करा. पहिल्या आवृत्तीतल्या एसएचए-१ या हॅश काढायच्या पद्धतीत दोन वेगळ्या फाइलींचा हॅश एकच येऊ शकतो, हे २०१७ मध्ये करून दाखवलं गेलं आहे.

तापीपूर्णा
तुम्ही सगळे ऐकणाऱ्याच्या विश्वासाबद्दल बोलताय. गाणाऱ्या बाईच्या विश्वासाचं काय?

हळदीच्या गाण्यात घरातली नावं गुंफतात. शिरपूरकडच्या एका आजींनी विहिणीला चिडवणारं गाणं दिलं होतं, त्यात एक खरं नाव होतं. दोन्ही घरांत वाद झाला तेव्हा त्यांनी निरोप पाठवला, ताई, तेवढं काढून टाक. मी त्याच दिवशी ड्राइव्हवरून काढलं. टॉरेंटवर असतं तर? माझ्या संगणकावरून पुसलं असतं, बाकीच्यांकडून चालूच राहिलं असतं. मालक नाही म्हणजे परत मागायलाही कोणी नाही. या बायकांनी आवाज मला ओळखून दिला आहे, जाळ्याला नाही. माझी रेकॉर्डिंगं यात धरू नका.

रावेरकर
शिवाय सीड कोण करणार, म्हणजे संगणक चालू ठेवून फाइली इतरांना देत कोण राहणार? दोन महिने उत्साह असतो, मग सगळे बंद. एकाकडेही पूर्ण प्रत उरली नाही की मॅग्नेट लिंक, म्हणजे टॉरेंट उघडायची लिंक, नुसती शोभेची.

गिरणाकाठ
रावेरकर, त्यासाठी पाच-सहा जणांनी संगणक कायम चालू ठेवायची जबाबदारी घ्यावी लागेल. माझा पहिला धरा. बोरीतीर, गावातल्या माणसाने टॉरेंट वापरायची गरजच नाही. ऐकायला यूट्यूब आहे. टॉरेंट फक्त जपणाऱ्यांमध्ये. पांझरा, सहीची अट मान्य.

तापीपूर्णा ताई, तुमची एकही फाइल घेणार नाही. पण म्हणून कामच सोडावं हे पटत नाही. गाणाऱ्या आज्या दरवर्षी कमी होताहेत. ज्यांची परवानगी रेकॉर्डिंगमध्येच बोलून घेतली आहे, तेवढीच गाणी टाकू.

बोरीतीर
फक्त जपणाऱ्यांपुरतं असेल तर माझा विरोध मागे. पण लिंक गावच्या ग्रुपवर फिरवायची नाही.

तापीपूर्णा
परवानगी दिली म्हणजे काय दिलं, हे त्यांना कळलं होतं का? आत्तापर्यंतची कोणतीच परवानगी यात चालणार नाही, कारण घेताना टॉरेंटचा विषयच नव्हता. परत जा, घरी बसा, एकदा बाहेर गेलेलं गाणं कोणालाच परत आणता येत नाही हे अहिराणीत समजावून सांगा. त्यानंतर ज्या हो म्हणतील त्यांचं टाका. शिरपूर-यावलकडच्या घरांत यायला मी तयार आहे.