मोठा नर हुकला म्हणून हंगाम वाया गेला?

धनुष्यबाणाने हरणाची शिकार करताना ‘मोठ्या शिंगांचा नर मिळाला नाही म्हणजे हंगाम वाया गेला’ असं म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. मला सगळ्यात जास्त शिकवलं ते माझ्या चुकलेल्या बाणाने. मादी होती, बाण जरा मागे लागला. आरपार जाऊन जमिनीत रुतलेला बाण उपसून पाहिला तर रक्त गडद, काळपट लाल. फेसाळ गुलाबी असतं तर बाण फुप्फुसाला लागलेला, मग माग काढण्याआधी अर्धा तास थांबलं तरी चालतं. गडद म्हणजे यकृत, किमान चार तास थांबायचं. हिरवट आणि दुर्गंधी असेल तर आतडं, तिथे आठ ते बारा तास. घाई केली की आडोशाला बसलेलं हरीण उठून पळतं आणि माग तुटतो.

पाच तास थांबलो. कसे काढले ते माझं मला माहीत! मग गुडघ्यांवर रांगत, एकेका थेंबापाशी कागदाचा कपटा ठेवत गेलो. दीडशे पावलांवर ती सापडली, कान गार पडलेले. मानेवर हात ठेवून बराच वेळ बसलो, मनातल्या मनात तिचे आभार मानले. तेव्हापासून वीस यार्डांपलीकडे मी धनुष्य ताणत नाही.