पीवायपी : पाण्यावरच्या युनिटची सेंट्रल आयडिया

प्रश्न
आयबी पीवायपी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएटचा प्राथमिक शाळेचा कार्यक्रम), चौथी. ‘शेअरिंग द प्लॅनेट’ या पीवायपीच्या ठरलेल्या थीमखाली पाण्यावर सहा आठवड्यांचं युनिट आखायचंय. ‘पाणी वाचवणं ही आपली जबाबदारी आहे’ ही सेंट्रल आयडिया (मुलं युनिटभर ज्याचा शोध घेतात ते मध्यवर्ती विधान) चालेल का? आणि पाठ्यपुस्तक नसताना गणित कुठे बसवायचं?

उत्तर १
नाही चालणार. निष्कर्ष आधीच सांगून टाकला, मग मुलांनी शोधायचं काय? अशा युनिटातून फक्त पोस्टरं निघतात. उपदेश काढा आणि कुठल्याही गावाला लावून तपासता येईल असं विधान घ्या : ‘पाणी कोणाला किती मिळतं, हे निसर्ग आणि माणसांचे निर्णय मिळून ठरवतात.’

त्याखाली तीन लाइन्स ऑफ इन्क्वायरी (शोधाच्या दिशा) पुरतात; कंसात पीवायपीची संबंधित संकल्पना. धरणातून नळापर्यंत पाणी कसं येतं (फंक्शन), ते कमी-जास्त का होतं (कॉझेशन), वाटपाबद्दल कोणाचं काय म्हणणं आहे (पर्स्पेक्टिव्ह). शाळा पुण्यात असेल तर खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही नावं मुलांना यायलाच हवीत. याच धरणांचं पाणी शहरालाही लागतं आणि दौंड-इंदापूरच्या शेतीलाही, हे कळल्याशिवाय तिसरा प्रश्न पोकळ राहतो. संकल्पनेवर भर म्हणजे माहितीला फाटा, हा गैरसमज फार नुकसान करतो.

उत्तर २
शेवटचं मूल्यमापन पहिल्या दिवसाआधी ठरवा. वर्गात चर्चा न झालेल्या गावाचा पाऊस, विहिरी, लोकसंख्या, उसाखालची जमीन द्या. उन्हाळ्याचं वाटप ठरवून कारणं लिहायला सांगा. खडकवासल्याबद्दलच विचारलंत तर पाठांतर तपासलं जाईल.

सुरुवातीलाच ‘तुम्हाला काय शिकायचंय?’ विचारू नका. विषयाची ओळख नसताना प्रश्न उथळ येतात. आधी चार-पाच दिवस नकाशा, पाणीबिल, बाटलीचा पर्जन्यमापक, मग प्रश्न.

उत्तर ३
गणित बळेच घुसवू नका. लिटर-मिलीलिटर, स्तंभालेख युनिटात सहज येतात. भागाकाराची रीत तशी युनिटात येत नाही. पीवायपीत तिच्यासाठी स्वतंत्र तास घेता येतो, तो घ्याच. पाढ्यांना रोज दहा मिनिटं वेगळी ठेवा. ‘मुलं शोधातून शिकतील’ म्हणून सराव सोडला, तर पाचवीच्या एक्झिबिशनला (पीवायपीच्या शेवटच्या वर्षीचा मुलांचा शोधप्रकल्प) स्वतः जमवलेल्या आकड्यांची सरासरीही काढता येत नाही.

प्रश्नकर्ती
सेंट्रल आयडियात ‘न्याय्य वाटप’ घातलं तर?

उत्तर १
विधानात नको, तिसऱ्या लाइनमध्ये घाला. न्याय्य कशाला म्हणायचं, याच्यावरच मुलांना भांडू द्या : माणशी सारखं, गरजेप्रमाणे, की धरणासाठी ज्यांची जमीन गेली त्यांना आधी?