जीफोर्स २१० कार्ड डेबियन १२ वर कसे चालवावे?

प्रश्न: माझ्या जुन्या संगणकात जीफोर्स २१० हे एनव्हिडियाचे ग्राफिक्स कार्ड आहे. डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली बसवल्यावर मी एनव्हिडियाचा ३४० मालिकेचा जुना ड्रायव्हर घालून पाहिला, पण तो कर्नलसाठी (प्रणालीच्या गाभ्यासाठी) तयार होतानाच अडला, आणि आता पडदा १०२४ × ७६८ वर अडकला असून अक्षरे फुगीर दिसतात. कार्ड बदलावेच लागेल का?

प्रतिसाद १: मुळीच नाही. त्या मालिकेची अखेरची आवृत्ती, ३४०.१०८, डिसेंबर २०१९ मध्ये आली. डेबियन १२ चा कर्नल ६.१ आहे, आणि मधल्या काळात कर्नलची अंतर्गत रचना इतकी बदलली की तो ड्रायव्हर त्यावर जसाच्या तसा तयार होत नाही. ठिगळे लावून तो चालवता येतो, परंतु कर्नल बदलला की तीच कसरत पुन्हा करावी लागते, म्हणून मी तो मार्ग सुचवणार नाही. कर्नलसोबतच येणारा नूव्हो हा मुक्त ड्रायव्हर हे कार्ड ओळखतो. जुना ड्रायव्हर पूर्ण काढा, मॉडप्रोबच्या (ड्रायव्हर सुरू करणाऱ्या साधनाच्या) फोल्डरमध्ये नूव्होला रोखणारी ‘ब्लॅकलिस्ट नूव्हो’ ही ओळ उरली असल्यास तीही काढा आणि इनिट्रामएफएस (संगणक सुरू होताना आधी वाचली जाणारी फाइल) नव्याने तयार करा.

प्रतिसाद २: ग्रबमध्ये (प्रणाली सुरू करून देणाऱ्या प्रोग्राममध्ये) ‘नोमोडसेट’ हा पर्याय असेल तर तोही काढा, तो असेपर्यंत नूव्हो काम करत नाही. मात्र नूव्हो या कार्डाचा वेग आपोआप वाढवत नाही, त्यामुळे जड खेळांची अपेक्षा ठेवू नये.

प्रश्नकर्ता: ‘ब्लॅकलिस्ट’ची ती ओळ खरोखरच उरली होती. काढल्यावर १९२० × १०८० मिळाले आणि जोडाक्षरे स्वच्छ दिसू लागली. दोघांचेही मनापासून आभार.